सोळा, शून्य

१

१८ फेब्रुवारी २००३, मंगळवार. दुपारी दोन वाजून एकोणीस मिनिटांनी शिरोली एमआयडीसीतल्या कळसगिरी कास्टिंग्जमध्ये तीन नंबरच्या भट्टीचं अस्तर फुटलं आणि वितळलेलं लोखंड फलाटावर आलं. फलाटावर गुंडू चौगले उभा होता. वय एकतीस, राहणार मुरगूड. तो जागच्या जागी गेला. भट्टी चालवणारा सयाजी मेटकर त्या वेळी पाण्याच्या पंपाकडे धावला होता. तो वाचला.

वाचला, एवढंच. ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या नोंदीत, तापमानाच्या नेहमीच्या ओळींमध्ये, दोन वेगळ्या ओळी होत्या.

दोन वाजून नऊ मिनिटे. भट्टी तीन. धोका.

दोन वाजून बारा मिनिटे. भट्टी तीन. पाहिलं.

भट्टीजवळच्या लोखंडी पेटीवर दोन बटणं होती. हिरवं दाबलं की ऑफिसात 'पाहिलं' अशी नोंद व्हायची. म्हणजे माणूस जागेवर आहे, सांभाळून घेतोय. लाल दाबलं की 'बोलवा' अशी नोंद व्हायची आणि ऑफिसात घंटा वाजायची. भट्टीची वीज तोडायचा खटका ऑफिसातच होता, कुलपात. पूर्वी एका भट्टीवाल्याने कुणाला न विचारता वीज तोडली आणि भट्टीतलं लोखंड भट्टीतच गोठलं. तेव्हापासून कळसगिरीत ही रीत होती: वीज तोडायची तर आधी घंटा वाजवायची.

सयाजीचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. त्याने हिरवं बटण दाबलं नाही. गुंडूला लाल बटण दाबायला सांगितलं, गुंडूने ते दाबलं, ऑफिसातून कुणी आलं नाही. पण नोंदीत लाल बटणाची ओळच नव्हती. मेलेल्या दोस्तावर ढकलतोय, असं शेडमध्ये ठरलं. मुरगुडातही तेच ठरलं.

गुरुवारी, १७ जुलैला, चौकशीची शेवटची तारीख होती. त्याच्या दोन दिवस आधी नागाप्पा हंजी कारखान्यात आले. तार ऑफिसात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. शेवटची काही वर्षं त्यांनी तारा पुढे धाडणारा कॉम्प्युटर सांभाळला होता. चौकशी अधिकाऱ्याला बाहेरच्या जाणकाराची सही हवी होती.

"फॉर्मॅलिटी आहे, काका," सम्राट म्हणाला. तो मालक केरबाअण्णांचा पुतण्या आणि कारखान्याचा मॅनेजर. फुलाफुलांची उशी टाकलेल्या खुर्चीत तो बसला होता. खुर्चीच्या मागे, पाठीच्या उंचीवर, भिंतीत घंटा होती. "नोंद खरी आहे, कुणी हात लावलेला नाही, एवढं लिहायचं. खाली सही. चहा घ्या."

नागाप्पांनी चहा घेतला. मग उठून त्यांनी कप कोपऱ्यातल्या बेसिनवर स्वतःच विसळला आणि पालथा घातला. पत्नी शांतादेवी गेल्यापासून चार वर्षांत लागलेली सवय. घरी दोन कप होते, रोज त्यातला एकच ओला व्हायचा.

"सही करतो," ते म्हणाले. "आधी वाचतो."

"वाचायला आहेच काय त्यात? दोन ओळी."

"दोनच आहेत ना? मग वेळ लागणार नाही."

सम्राटने आपला कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

२

सयाजी शेडच्या मागे, एका पालथ्या साच्याच्या पेटीवर बसून पाव खात होता. सगळी पाळी लिंबाखाली गोल करून जेवत होती. त्या गोलापासून ही पेटी चाळीस पावलांवर होती.

"बसू का?"

"बसा की पावणं. जागा हाय. लई हाय."

बाजूला त्याची पिशवी होती. तोंडातून दोन मजली डबा डोकावत होता, घासून लख्ख केलेला. नागाप्पांची नजर गेली तसा सयाजीने पिशवीचा बंद ओढला.

"डबा आहे, मग पाव का खाता?"

"रिकामा हाय त्यो." त्याने पिशवी जवळ ओढली. "माझं घरात कोण न्हाय. गुंडूची आई, बनाबाई, दोघांचा डबा एकातच द्याची. वरचा त्येचा, खालचा माझा. त्या दिवशी आलेला डबा हाय. परत द्याला गेलतो. दार लावून घेटलं म्हातारीनं. म्हणली, माझ्या पोरानं घंटा वाजवली म्हणतोस, मग कुटं हाय ती घंटा कागदावर?"

"त्यानं लाल बटण दाबलं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?"

"मी पंपाकडं पळताना वराडलो, गुंड्या, लाल दाब! त्यो म्हणला, दाबलं रं! येवढंच." त्याने पावाचा उरलेला तुकडा कुत्र्याकडे टाकला. "आता तुमी म्हणचिला, कॉम्प्युटर खोटं बोलतोय व्हय? मला काय ठावं. त्या शहाण्णवला इचारा."

"शहाण्णव?"

"महांतेश. कॉम्प्युटरवाला. समदी शेड त्येला शहाण्णवच म्हणती."

महांतेश हा लिंगायत, नागाप्पांसारखाच सीमेकडचा. लिंगायताला शहाण्णव कुळी म्हणून चिडवायचं, हा शेडमधला विनोद असणार, असं नागाप्पांनी धरलं आणि पुढे विचारलं नाही. ही त्यांची चूक होती. तिच्यापायी एक दिवस गेला.

"सही करणार हाईसा?" सयाजीने विचारलं.

"अजून ठरलं नाही."

"केलीसा तर मला आत टाकत्याल. त्येचं काय न्हाय. पर बनाबाई मरस्तवर समजणार, तिचं पोरगं बटणापाशी हुबं ऱ्हायलं आन् दाबलंच न्हाय."

३

महांतेश कारखान्याचा नोकर नव्हता. कागलला एका खोलीत राहायचा आणि चार-पाच कारखान्यांचे कॉम्प्युटर बघायचा. वय तीस असेल. त्या दुपारी तो कळसगिरीच्या ऑफिसातच होता. बोलताना माणसाकडे न बघता पडद्याकडे बघायचा.

"स्क्रीनवरचं बघणार, का आतलं?" त्याने विचारलं.

"आतलं म्हणजे?"

"भट्टीवरच्या पेटीकडनं तारेवरनं जे येतंय, ते तसंच्या तसं फाइलीत पडतंय. स्क्रीनवर त्यातलं थोडंच दाखवतो. वेळ, भट्टी, प्रकार, तापमान." तो थांबला. "आतलं आजपर्यंत कुणी मागितलं नाही."

"मला आतलं द्या. आणि जरा समजावून सांगा, तम्मा. मी तारेतला माणूस."

धाकट्या भावासाठीचा घरातला कानडी शब्द ऐकून महांतेशने पहिल्यांदा मान वळवली.

प्रत्येक संदेश सोळा आकड्यांचा, तो म्हणाला. एका आकड्याच्या घरात शून्य ते दोनशे पंचावन्न एवढंच मावतं. मोठी संख्या असली की दोन घरं लागतात. पहिल्या घराला दोनशे छपन्नने गुणायचं आणि दुसरं मिळवायचं. पहिली दोन घरं संदेशाच्या लांबीची. पुढची दोन भट्टीची. मग दोन प्रकाराची: एक म्हणजे तापमान, दोन धोका, तीन 'पाहिलं', चार 'बोलवा'. मग दोन अनुक्रमांकाची. उरलेली आठ वेळेची आणि तापमानाची.

"भानगड एकच आहे. पेटी मोठं घर आधी लिहिते. हा कॉम्प्युटर लहान घर आधी लिहितो. कानडीत आपण कसं म्हणतो? इप्पत्तैदु. वीस आधी, पाच मग. मराठीत पंचवीस. पाच आधी, वीस मग. पेटी कानडी आहे, कॉम्प्युटर मराठी. मध्ये माझा प्रोग्राम बसलाय दुभाष्या म्हणून. आलेली प्रत्येक संख्या उलटवून घेतो."

"आणि उलटवायची राहिली तर?"

महांतेशने प्रिंटर सुरू केला. दोन वाजल्यापासून दोन एकोणीसपर्यंतचे सगळे संदेश एका कागदावर मावले. कागद फाडून देताना त्याने क्षणभर तो धरूनच ठेवला.

"नीट वाचा, काका," तो म्हणाला. "सगळं वाचा."

४

ऑफिसातून निघताना बेसिनपाशी धोंडुबाई भेटली. झाडलोट आणि चहाची भांडी तिच्याकडे होती. तिने आजूबाजूला पाहिलं.

"तुमचा कप तुमीच इसळून ठिवलासा न्हवं सकाळी?"

"सवय आहे."

"अकरा वर्सं झाली मला हितं. कुणी न्हाय इसळला आजवर." ती कपाला फडकं लावत राहिली. "काय इचारायचं आसंल तर इचारा."

नागाप्पांना मुलाखती घ्यायची सवय नव्हती. त्यांनी सरळ विचारलं. "अपघाताच्या दिवशी घंटा वाजली?"

"वाजली की. जेवणं झाल्यावर. मी हितंच हुते. साहेब फोनवर हुते, गेटवर ट्रक हुबा हाय, आज माल भरायचाच म्हणून वराडत हुते. घंटा वाजाय लागली तशी पाठीमागची उशी काडली, घंटा आन् खुर्चीच्या मधी कोंबली आन् बोलत ऱ्हायले. उशीतनंबी आवाज येतच हुता. बाटलीत माशी अडकल्यावानी."

"किती वेळ?"

"भट्टी फुटस्तवर."

"हे कुणाला सांगितलं नाही?"

"इचारलं कुणी?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "आन् चौकशीत सांगाय लावचिला तर म्या न्हाय सांगणार. पोरीचं लगीन ठरलंय. साहेब म्हणत्याल, सकाळची घंटा म्हातारी दुपारची सांगती. घंटा काय, रोजच वाजती."

तिचं बरोबर होतं. ऐकलेली घंटा आणि नोंदीतली ओळ समोरासमोर ठेवली, तर चौकशी अधिकारी ओळच उचलणार होता. यंत्रानेच यंत्राविरुद्ध बोलायला हवं होतं. ते बोलेल असं कुठलंच चिन्ह अजून नव्हतं.

५

बुधवारी सकाळी सात वाजता नागाप्पा गच्चीवर कागद घेऊन बसले. बंगळूरची मुलगी सुष्मिता रविवारी फोन करायची. बुधवारचा दिवस रिकामा होता. तसे सहा दिवस रिकामेच होते.

तार ऑफिसात त्यांना पहिल्या महिन्यात जे शिकवलं गेलं ते छत्तीस वर्षांत बदललं नाही. मजकूर आधी वाचायचा नाही. आधी तारेचं डोकं वाचायचं. त्यात शब्दसंख्या लिहिलेली असते. आलेले शब्द मोजायचे, डोक्यातल्या संख्येशी जुळवायचे. जुळले नाहीत तर ती तार घ्यायची नाही, मग मजकूर लग्नाचा असो की मयताचा.

सगळ्यांनी दोन बाराचा मजकूर वाचला होता. नागाप्पांनी पट्टी घेतली आणि प्रत्येक ओळीची फक्त पहिली दोन घरं वाचत खाली आले.

शून्य, सोळा. शून्य, सोळा. शून्य, सोळा.

दोन वाजून बारा मिनिटांच्या ओळीवर पट्टी थांबली.

सोळा, शून्य. शून्य, तीन. शून्य, तीन. बारा, एकशे बारा.

लांबी सोडून सगळी घरं बरोबर लागली होती. भट्टी तीन. प्रकार तीन, 'पाहिलं'. अनुक्रमांक तीन हजार एकशे चौऱ्याऐंशी. वरच्या ओळीचा त्र्याऐंशी, खालच्याचा पंच्याऐंशी. फक्त लांबीची घरं उलटी. त्यांनी कागदाच्या कडेला गुणाकार केला. सोळा गुणिले दोनशे छपन्न.

चार हजार शहाण्णव.

म्हणजे हा संदेश स्वतःबद्दल सांगत होता की मी चार हजार शहाण्णव आकड्यांचा आहे. असा संदेश तारेवरून खरोखर आला असता तर प्रोग्रामने काय केलं असतं? उरलेल्या आकड्यांची वाट बघितली असती. पुढचे दोनशे पंचावन्न संदेश याच संदेशाचा मजकूर समजून गिळले असते. मिनिटाला एक संदेश धरला तरी चार तासांहून जास्त काळ नोंद कोरी राहिली असती. पण दोन तेराची नोंद जागेवर होती. दोन चौदाची होती. थेट दोन एकोणीसपर्यंत प्रत्येक मिनिटाची होती.

तेव्हा दोन बाराचा हा संदेश भट्टीवरून आलाच नव्हता. तो मागाहून, कारखान्याच्या ऑफिसात बसून, फाइलीत ठेवलेला होता. आणि अनुक्रमांकात खंड नव्हता, म्हणजे त्या जागी आधी दुसरा संदेश होता. धोंडुबाईने ऐकलेली घंटा एका कागदी घरात येऊन बसली. तीन हजार एकशे चौऱ्याऐंशी.

स्क्रीनवर लांबी दिसत नाही. उलटी राहिली तरी बघणाऱ्याला कळणार नाही. अर्धवट माहिती असलेल्या माणसाची चूक. नागाप्पांनी मनात सम्राटचं नाव लिहिलं.

मग त्यांनी कडेचा आकडा पुन्हा वाचला, या वेळी मोठ्याने, आणि कागद हातातून खाली ठेवला.

६

"शहाण्णव का म्हणता त्याला?"

सयाजी पाळीला आत जात होता. तो फाटकातच थांबला.

"पेटी नवी बसवली तवाची गोष्ट हाय. दोन वर्सं झाली. तीन दिस पडदा कोराच. ह्यो हितंच झोपायचा, हितंच खायाचा. तिसऱ्या दिशी शेडमधनं पळत सुटला, 'चार हजार शहाण्णव! चार हजार शहाण्णव!' म्हणत. आमाला वाटलं लाटरी लागली. उलटं लिवलतं म्हणं कायतरी, सोळाच्या जागी चार हजार शहाण्णवची वाट बघत बसलतं त्ये मशीन. तवापास्नं नाव पडलं." सयाजी किंचित हसला. पाच महिन्यांत तो बहुधा पहिल्यांदा हसला असावा. "गुंडूनंच ठिवलतं नाव."

नागाप्पा ऑफिसात गेले. एक गोष्ट तपासायची राहिली होती.

"सम्राटराव, एक मदत हवी. पेटी सोळा हा आकडा दोन घरांत कसा लिहिते, तेवढं या कागदावर लिहून द्या."

सम्राटने पेन घेतलं. पहिल्या घरात एक लिहिला, दुसऱ्या घरात सहा. कागद सरकवला.

"एवढंच? सही कधी करताय, काका? अण्णा विचारत होते."

"उद्या. सगळ्यांसमोर करतो."

बाहेर येऊन त्यांनी सगळं पुन्हा लावून पाहिलं. ज्याला घरांचा हिशेबच येत नाही, त्याला बारा आणि एकशे बारा लिहिता आले नसते. ज्याला येतो, तो चौदा घरं बरोबर लिहून दोनच चुकवणार नाही. आणि ही दोन घरं चुकवल्याने काय होतं, हे या कारखान्यात एकाच माणसाला पक्कं माहीत होतं. त्या चुकीपायी तो तीन दिवस शेडमध्ये झोपला होता. त्या चुकीचं नाव त्याला चिकटलं होतं. बाकी कुणीही ही चूक केली असती.

त्याने केली नसती. आणि ती त्यानेच केली होती.

७

कागलची खोली एका गोदामाच्या वर होती. एक खाट, एक कॉम्प्युटर, खिडकीत वाळत घातलेला एक शर्ट. भिंतीवर लाल पेनाने लिहिलेला कागद डकवला होता: मोठं आधी. महांतेशने खुर्ची पुढे केली आणि स्वतः खाटेवर बसला.

"दोन बाराचा संदेश पाठ आहे?" नागाप्पांनी विचारलं.

"आहे."

"लिही. पहिली आठ घरं."

त्याने वहीचं पान घेतलं. लिहिताना हात एकदाही थांबला नाही. पान फिरवून त्याने नागाप्पांपुढे ठेवलं.

शून्य, सोळा. शून्य, तीन. शून्य, चार. बारा, एकशे बारा.

नागाप्पा सहाव्या घराकडे बघत राहिले. तीन नाही. चार. 'बोलवा'.

"हाच खरा आलेला," महांतेश म्हणाला. "दोन बाराला. गुंडूने दाबलेला."

"आणि फाइलीतला?"

"त्याच संध्याकाळी साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, घंटेची ओळ काढ. मी म्हटलं, ओळ काढली तर अनुक्रमांक तुटतो, आतलं बघणाऱ्या कुणालाही कळेल. म्हणाले, मग तिथं दुसरं काहीतरी घाल. 'पाहिलं' घाल. नाहीतर सांगतो, घंटा वाजलीच नाही, याच्या प्रोग्रामने खाल्ली. माणूस मेलाय, तू आत जाशील." त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. "ते मागे उभे होते. स्क्रीन बघत होते. स्क्रीनवर जे दिसतं ते बरोबर लिहिणं भाग होतं. जे दिसत नाही ते मी उलटं लिहिलं."

"का?"

"शेडमधल्या कुणीही बघितलं असतं तर म्हणाला असता, हे शहाण्णवचं काम. सही केली मी, काका. वाटलं, महिन्याभरात कुणीतरी आतलं मागेल. लेबर ऑफिसर मागेल. विम्याचा माणूस मागेल. फोन वाजला की वाटायचं, आज वाचलं कुणीतरी." तो हसल्यासारखा झाला. "पाच महिने फोन फार वाजला नाही. मी इथं एकटाच असतो."

नागाप्पांना ती खोली ओळखीची वाटली. तारा बंद होत आल्या तेव्हा ते असेच यंत्रापुढे बसत. यंत्र चालू, लाइन चालू, आणि दिवसभरात काही येत नसे.

"तम्मा," ते म्हणाले, "मी वाचलं. पण मी वाचून भागत नाही. उद्या तुला तोंडाने बोलायला लागेल."

खिडकीतला शर्ट काढून महांतेशने घडी घातली आणि घडी हातात घेऊन तसाच बसला.

८

गुरुवारी अकरा वाजता केरबाअण्णांच्या केबिनमध्ये सहा माणसं होती आणि सातवी खुर्ची रिकामी होती. चौकशी अधिकाऱ्याने कागद पुढे केला. नागाप्पांनी त्यावर लिहिलं, 'दोन वाजून बारा मिनिटांचा संदेश भट्टीवरून आलेला नाही', आणि खाली सही केली. मग पट्टी ठेवून लांबीची घरं दाखवली, दोन तेरा ते दोन एकोणीसच्या ओळी दाखवल्या. समजावायला पाच मिनिटं लागली.

"प्रिंटिंगची चूक असेल," सम्राट म्हणाला. "नाहीतर त्या महांतेशचा घोळ. मी साधा माणूस, मला त्यातलं काय कळतंय?"

"ते खरं आहे," नागाप्पा म्हणाले. त्यांनी एक आणि सहा लिहिलेला कागद खिशातून काढला. "सम्राटरावांना हे लिहिता आलंच नसतं. लिहिणारा दुसरा आहे. लिहवून घेणारा कोण, ते त्यालाच विचारावं लागेल."

दार उघडलं. महांतेश उंबऱ्यात उभा होता, घडी घातलेला शर्ट अंगात, कॉलरपर्यंत बटणं लावलेली. तो आत आला आणि उभ्यानेच सगळं बोलला. आवाज इतका बारीक होता की अधिकाऱ्याने दोनदा मोठ्याने बोलायला सांगितलं. घंटेवरच्या उशीबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं. ते सांगायला, दाराबाहेरून त्याचं बोलणं ऐकलेली धोंडुबाई चहाचा ट्रे घेऊन आत आली आणि ट्रे टेबलावर ठेवून तिथेच उभी राहिली.

"म्या सांगते," ती म्हणाली. "इचारा."

तिने उशीचं सांगितलं तसं अण्णांनी पुतण्याकडे पाहिलं. "वाजत होती?"

"रोजच वाजवायची ती पोरं, अण्णा," सम्राट म्हणाला. "चहा आला नाही, वाजव घंटा. पंखा बंद, वाजव घंटा. मला काय माहीत, त्या दिवशी..."

अधिकाऱ्याने चौघांचे जबाब घेतले आणि सम्राटला पोलीस येईपर्यंत थांबायला सांगितलं.

सयाजी व्हरांड्यात बसला होता. महांतेश त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच.

"मी खूण ठेवली होती, सयाजीमामा," तो म्हणाला. "लांबी उलटी लिहिली होती. माझंच नाव. कुणीतरी वाचेल म्हणून."

सयाजीने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. रागावलेला दिसत नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"मी त्या पेटीवर बसून एकटा पाव खाईत हुतो, तवा रोज तू हितनं जायचास की रं," तो म्हणाला. "माझ्यापाशी येऊन सरळ तोंडानं सांगायचं न्हवतं व्हय?"

महांतेश उभाच राहिला. मग सयाजी थोडा सरकला आणि बाकावर जागा झाली.

त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता नागाप्पा सयाजीबरोबर मुरगूडच्या एसटीतून उतरले. वहीचं ते पान त्यांच्या खिशात होतं. बनाबाईने दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलली नाही. नागाप्पांनी पान तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी सहाव्या घरावर बोट ठेवलं.

"हा चार आहे, आक्का. चार म्हणजे घंटा. तुमच्या पोरानं दोन वाजून बारा मिनिटांनी वाजवली. ऑफिसात ऐकू गेली होती. कागदावरनं पुसली होती, आज सापडली."

म्हातारीने त्या आकड्यावर आपलं बोट टेकवलं. बराच वेळ तिने ते उचललं नाही.

"वाजीवली म्हणत हुता त्यो," ती म्हणाली, कुणाकडे न बघता. "सयाजी."

सयाजीने पिशवीचा बंद सोडला आणि डबा काढून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला. वरचा मजला उघडून आत पाहिलं, खालचा उघडून पाहिलं. वरचा तिने वेगळा काढून पदराखाली धरला. खालच्यावर झाकण बसवलं, कडी लावली.

"उद्या कंच्या पाळीला हाईस?" तिने विचारलं.